149 रुपये मागायचे, पण केव्हा?

सुदामा नगर, इंदूरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

"मी आणि धाकट्या भावानं मिळून मुलांसाठी मराठी शब्दांचा गेम बनवला आहे. इथल्या मराठी घरांतली मुलं हिंदी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. देवनागरी वाचतात, पण 'ळ' आला की अडखळतात आणि 'ती पुस्तक' म्हणतात. गेममध्ये 25 टप्पे, 500 शब्द आहेत, सगळे आमच्या आजीच्या आवाजात. अँड्रॉइडवर 149 रुपये किंमत ठेवून टाकला. दोन महिन्यांत 23 जणांनी घेतला, त्यातही बहुतेक नातेवाईकच. काका म्हणतात, फुकट करा आणि जाहिराती लावा. आई म्हणते, दरमहा थोडी वर्गणी ठेवा. भावाचा मित्र म्हणतो, रविवारी 10 रुपये प्रवेश फी घेऊन स्पर्धा ठेवा, जिंकेल त्याला रोख बक्षीस द्या. आम्हा दोघांना मिळून महिन्याला 30,000 सुटले तरी दुसरी नोकरी न धरता हेच करू. पण लोक ॲपला पैसे देतात तरी का?"

ताई,

सगळ्यात आधी, प्ले कन्सोलमध्ये (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या पानावर) जाऊन किंमत शून्य करण्याची घाई करू नका. विकतचं ॲप फुकट करता येतं. एकदा फुकट झालेलं ॲप मात्र प्ले स्टोअर पुन्हा विकतचं करू देत नाही. मग नवं पॅकेज नाव (स्टोअरमधली ॲपची कायमची ओळख) घेऊन नवी नोंद करावी लागते आणि जुने डाउनलोड, जुने रिव्ह्यू मागे राहतात. ॲप फुकट करा असंच आम्हीही सांगणार आहोत, पण आतली खरेदी, म्हणजे ॲप फुकट उतरवून पुढचे टप्पे आत विकत घ्यायची सोय, तयार होऊन तपासून झाल्यावर. मध्ये आठवडाभर जरी सगळे टप्पे उघडे राहिले, तरी त्या आठवड्यात आलेल्या माणसाला पुढच्या अपडेटनंतर अचानक कुलूप दिसतं आणि तो एक तारा देऊन निघून जातो. त्याचा राग रास्तच असतो.

आता तुमचा प्रश्न. लोक पैसे देतात. पण ज्या ॲपचा अनुभव नाही, ज्याचं नाव ऐकलेलं नाही, त्याला उंबरठ्यावर देत नाहीत, आणि तुम्ही नेमके तिथेच मागता आहात. 'मॉन्युमेंट व्हॅली' हा जगभर नावाजलेला गेम 2014 मध्ये आला, तो आधी पैसे भरूनच मिळायचा. 2015 च्या जानेवारीत त्याच्या निर्मात्यांनी आकडे सांगितले: अँड्रॉइडवर जेवढ्या वेळा तो इन्स्टॉल झाला त्यापैकी फक्त 5 टक्क्यांचे पैसे आले होते, आयफोनवर 40 टक्क्यांचे. उरलेल्यांत चोरीच्या प्रती होत्या, तशी एकाच खरेदीवर दुसऱ्या फोनवर, टॅबवर उतरवलेलीही होती. 'सुपर मारिओ रन'नं 2016 च्या डिसेंबरात दुसरी वाट धरली: पहिले काही टप्पे फुकट, पुढचं सगळं एकदाच 10 डॉलरला. महिनाभरानं तो बनवणाऱ्या निन्टेन्डोनं सांगितलं की 7 कोटी 80 लाख डाउनलोड झाले आणि पैसे देणारे 5 टक्क्यांहून थोडे अधिक निघाले. तीस वर्षं घराघरांत ओळखीच्या असलेल्या पात्राची ही गत असेल, तर आजवर कुणी न ऐकलेल्या गेमनं शंभरात दोन हिशेबाला धरावेत. त्याहून जास्त आले तर आनंदच आहे.

पैसे भरायची सोय नाही, हे कारण आता उरलेलं नाही. व्हॉट्सॲप एकेकाळी पहिल्या वर्षानंतर वर्षाला साधारण एक डॉलर मागायचं. 2016 च्या जानेवारीत ते बंद करताना कंपनीनं कारण दिलं होतं की पुष्कळ लोकांकडे कार्डच नाही. त्याच वर्षी भारतात यूपीआय आलं. आज प्ले स्टोअरवर यूपीआयनं पैसे भरता येतात आणि इंदूरच्या कुठल्याही आजीला ते जमतं. आणि इथली मराठी माणसं मराठीवर खर्च करत नाहीत, हेही खरं नाही. 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांसाठी आधीच सभासदत्व घेऊन ठेवणारी घरं याच शहरात आहेत. पैसे भरताना पुढे काय मिळणार याची त्यांना खात्री असते. तुमच्या 149 रुपयांमागे ती खात्री अजून नाही. स्टोअरवरची चार चित्रं बघून ती यायचीही नाही.

तुमच्या 23 खरेद्यांवरून मात्र कुठलाच निष्कर्ष काढू नका. कन्सोलमध्ये 'स्टोअर लिस्टिंग'चा अहवाल उघडा आणि दोन महिन्यांत स्टोअरवरचं तुमचं पान किती जणांनी पाहिलं ते बघा. साठ जणांनी पाहून 23 जणांनी घेतलं असेल, तर तुमचं दुखणं किमतीचं नाही, कुणाला पत्ताच नाही हे आहे. तीन हजारांनी पाहून 23 आले असतील, तर उंबरठाच आडवा येतोय. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचं औषधही वेगळं. प्रकाशनाआधीच्या चाचणीत घरच्यांनी खूप कौतुक केलं असेल. नव्या वैयक्तिक खात्यांना 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते, त्यामुळे हल्ली सगळ्यांचे पहिले परीक्षक काका, मावशी, आत्याच असतात. त्या कौतुकाला बाजाराचा कौल समजू नका.

काय करावं ते आता क्रमानं सांगतो.

पंचवीसपैकी पहिले चार टप्पे, म्हणजे 80 शब्द, पूर्ण उघडे ठेवा. दिवसांची मुदत घालून फुकट देऊ नका. लहान मूल रोज गेम उघडतंच असं नाही. आठ दिवसांची मुदत असली तर पाहुणे आले, परीक्षा आली, आणि मुदत न खेळताच संपली. हे चार टप्पे सोप्यांतले सोपे निवडू नका. आई, बाबा, सूर यांसारखे शब्द हिंदी शाळेतल्या मुलाला येतातच. 'ळ'चा टप्पा आणि 'तो-ती-ते'चा टप्पा या चारांत हवेत, कारण तिथेच मूल चुकतं, परत ऐकतं, आणि तीन दिवसांनी जेवताना 'ते पुस्तक' म्हणतं. ते आईच्या कानावर पडतं, आणि पैसे देणारी तीच आहे.

यावरून पुढची गोष्ट: खेळणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा. म्हणून कुलपाचा पडदा मुलासाठी लिहू नका. शब्द ओळखायचा खेळ चालू असताना मध्येच तो आणू नका. टप्पा पूर्ण होऊन शाबासकी मिळाल्यावर आणा. मुलाला इतकंच दिसू दे की पुढचे टप्पे मोठ्यांना विचारून उघडतात. खरेदीच्या पडद्याआधी '27 गुणिले 6' सारखा प्रश्न ठेवा, म्हणजे पाच वर्षांचं मूल बोटानं तिथवर जाणार नाही. ॲपलच्या मुलांच्या विभागात अशी अडसर-पायरी सक्तीचीच आहे. मोठ्यांच्या पडद्यावर साधी चार वाक्यं पुरेत: उरलेले 21 टप्पे, 420 शब्द, एकदाच 149 रुपये, दरमहा काही नाही, जाहिराती नाहीत. 'फक्त आज रात्रीपर्यंत' असली खोटी घाई लावू नका. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या मांडणीच्या 13 प्रकारांवर जी मनाई आणली, तिच्यात खोटी घाईही येते. कायदा नसता तरी मुलांच्या वस्तूला हे शोभत नाही.

किंमत 149 च राहू द्या. प्ले कन्सोलमध्ये किमतींची तुलना करून पाहायची सोय आहे, पण जेमतेम वीसेक खरेद्या असताना 99 बरे की 149, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. वीसात दोन-तीनचा फरक निव्वळ योगायोगानंही पडतो.

भाऊ कोड लिहित असेल तर त्याला हे नीट सांगा, कारण बहुतेक नवे ॲप इथेच पैसे घालवतात. खरेदी झाली की तीन दिवसांच्या आत ॲपनं ती पोचवल्याची पावती गूगलला द्यावी लागते. ती ओळ कोडात राहिली तर गूगल पैसे आपोआप परत करतं, आणि अहवालात नुसते 'रिफंड' दिसत राहतात. दुसरं, यूपीआयचा व्यवहार कधी कधी 'पेंडिंग'मध्ये अडकतो. त्या अवस्थेत टप्पे उघडू नका, पण 'पैसे येताहेत, ॲप बंद केलं तरी चालेल' असं लिहून दाखवा; नाहीतर माणूस पुन्हा भरायला जातो. ॲप दर वेळी समोर आलं की झालेल्या खरेद्या नव्यानं तपासा, म्हणजे नंतर पूर्ण झालेला व्यवहार आणि नव्या फोनवरची जुनी खरेदी, दोन्ही सापडतात.

तिसरा घोटाळा खास आपल्या घरांतला. आजी आपल्या फोनवरून पैसे भरते आणि नातू खेळतो बाबांच्या फोनवर. प्लेवर ॲपच्या आतली खरेदी त्या एका गूगल खात्याशीच बांधलेली असते. विकतचं ॲप फॅमिली लायब्ररीतून घरात वाटता येतं, आतली खरेदी वाटता येत नाही. म्हणजे पैसे गेले आणि बाबांच्या फोनवर कुलूप तसंच. यासाठी स्वतःचा 'घर-कोड' बनवा: खरेदीचं टोकन (प्रत्येक खरेदीला गूगल देतं ती खूण) तुमच्या सर्व्हरवरून गूगलकडे पडताळायचं, खरं निघालं तर सहा अक्षरांचा कोड द्यायचा, आणि तो तीन फोनांवर चालेल असं ठेवायचं. नाव, मोबाइल नंबर, मुलाचं वय काही विचारू नका. जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळायचीही जबाबदारी नाही.

ज्या 23 जणांनी आधीच 149 भरले आहेत त्यांच्या समोर कुलूप येता कामा नये. आतल्या खरेदीसाठी प्ले दर तिमाहीला 500 पर्यंत प्रोमो कोड (खरेदी फुकट उघडणारे कोड) देतं. 23 कोड काढा, ओळखीच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि उरलेल्यांसाठी आधीच्या अपडेटमध्येच एक सूचना टाका: 'तुम्ही हे विकत घेतलेलं आहे, ऑर्डर क्रमांक आम्हाला कळवा, कोड पाठवतो.' ही सूचना दोन-तीन आठवडे राहू द्या आणि मगच ॲपची किंमत शून्य करा.

घरच्यांनी सुचवलेल्या वाटांबद्दल थोडक्यात. रोख बक्षिसाची स्पर्धा अजिबात नको. 2025 च्या ऑगस्टमध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं, पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेनं खेळायचे गेम चालवणं हा गुन्हा ठरवला आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही तिथे चालत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. भावाच्या मित्राला हे समजावून सांगा, तो इतर कुणाला हाच सल्ला देण्याआधी.

जाहिरातींचं काकांना पटेल असं उत्तर हे की मुलांच्या ॲपमध्ये जाहिरातीला भाव कमी आणि बंधनं जास्त. प्लेच्या कुटुंब धोरणात मुलांसाठी फक्त ठरावीक मान्यताप्राप्त जाहिरात व्यवस्था चालतात, व्यक्तीनुसार नेमलेली जाहिरात दाखवता येत नाही. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई आहे. नेमलेली नसली की जाहिरातीचा भाव पडतो. शिवाय आजीच्या आवाजात 'केळं' ऐकल्यावर दुसऱ्याच गेमची किंचाळणारी जाहिरात आली, की आई फोन काढून घेते. आम्हाला विचाराल तर हे कारण पैशांच्या हिशेबाहूनही मोठं आहे.

आईंचा वर्गणीचा विचार चुकीचा नाही, पण लवकरचा आहे. दरमहा पैसे घ्यायचे तर दरमहा नवं द्यावं लागतं: नवे टप्पे, गोष्टी, सणांचे शब्द. दोघांना हे पेलेल का? आपोआप होणाऱ्या कपातीची सूचना बँकेकडून 24 तास आधी ग्राहकाला जाते, आणि ज्या महिन्यात मूल खेळलेलं नसतं त्या महिन्यात ती सूचना बघूनच लोक वर्गणी बंद करतात. 500 शब्दांच्या बांधीव गेमला एकदाची किंमतच योग्य.

आता 30,000 चा हिशेब, जो तुम्ही नोकरीच्या निर्णयाआधी कागदावर मांडायला हवा. लहान डेव्हलपरकडून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत गूगल 15 टक्के घेतं, हा दर 2021 च्या जुलैपासूनचा आहे. सध्याचा दर कन्सोलमध्ये पाहून घ्या. भारतात दाखवलेली किंमत करासकट असते आणि भारतातल्या ग्राहकाकडून आलेल्या रकमेवरचा जीएसटी भारतातल्या डेव्हलपरनंच बघायचा असतो. नोंदणी असेल तर 149 मधले 22.73 कर, उरलेल्या 126.27 चे 15 टक्के म्हणजे 18.94 गूगलचे, तुमच्या हातात 107.33. सेवांसाठी वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणीची सक्ती नसते. नोंदणी नसेल तेव्हा साधारण 127 रुपये उरतात. पण परदेशी विक्री धरणार असाल तर सीएला आधीच विचारा. 107 च्या हिशेबानं 30,000 साठी महिन्याला 280 खरेद्या लागतात. शंभरात दोन घेतात असं धरलं तर दर महिन्याला 14,000 नवे डाउनलोड. एकदा घेतलेलं घर पुन्हा घेणार नाही, म्हणून हे 14,000 दर महिन्याला नवे हवेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा मिळूनही मराठी घरांतून हे सतत येणार नाहीत. तेव्हा नोकरी आत्ता नाकारू नका.

मग वाढ कुठे आहे? एक, संस्थांमध्ये. मराठी मंडळं, संस्कार वर्ग, उन्हाळी शिबिरं यांना 40 मुलांचा एक कोड, 2,000 रुपयांत, रीतसर पावती देऊन विका. ही विक्री स्टोअरच्या बाहेर होते, म्हणून ॲपच्या आत तिचा दुवा किंवा उल्लेख टाकू नका. बाहेर घेतलेला कोड प्लेवरच्या ॲपमध्ये चालवायला हरकत नाही.

दोन, आणि ही जास्त मोठी, परदेशात. इंदूरच्या मुलाच्या कानावर आजी-आजोबांची मराठी रोज पडते. न्यू जर्सीतल्या मुलाच्या पडत नाही, म्हणून तिथल्या आईबाबांना तुमच्या आजीचा आवाज जास्त मोलाचा आहे. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा चालतात, तिथे पालक स्वतः मुलांना घेऊन येतात. प्ले कन्सोलमध्ये देशागणिक वेगळी किंमत ठेवता येते: भारतात 149 रुपये, अमेरिकेत 6.99 डॉलर. 15 टक्के गेले तरी 5.94 डॉलर उरतात, भारतातल्या कितीतरी खरेद्यांएवढे. पण तिथे मुलांच्या हातात बरेचदा आयपॅड असतो. गूगलला तुम्ही एकदाच 25 डॉलर भरलेत. ॲपलला वर्षाला 99 डॉलर लागतात. म्हणजे पहिल्या 17 खरेद्या फीमध्ये जातील. ॲपलचा 15 टक्क्यांचा दर आपोआप मिळत नाही, त्यांच्या लहान व्यावसायिकांच्या योजनेत अर्ज करावा लागतो. तिथे आतली खरेदी कुटुंबात वाटण्याची सोय आहे; ती एकदा चालू केली की बंद करता येत नाही, पण तुमच्या गेमला ती चालूच हवी. अमेरिकेत 13 वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घेता येत नाही, तेव्हा काहीच माहिती न विचारणं तिथेही उपयोगी पडतं.

आवाजाच्या फाइली एकदा तपासा. दीड सेकंदाचा शब्द डब्ल्यूएव्हीमध्ये (न दाबलेल्या आवाजाच्या फाइलीत), एका वाहिनीतसुद्धा, साधारण 130 केबी होतो. 500 शब्दांचे 65 एमबी. तोच 64 केबीपीएसच्या एएसीमध्ये (दाबून लहान केलेल्या फाइलीत) 12 केबी, सगळे मिळून 6 एमबी, आणि फोनच्या स्पीकरवर फरक कळत नाही. फोन भरला की लोक सगळ्यात जड गेम आधी काढतात. मूळ रेकॉर्डिंग मात्र डब्ल्यूएव्हीमध्येच दोन ठिकाणी जपून ठेवा. आजीच्या आवाजाची दुसरी प्रत कुठे मिळायची नाही.

नवी रचना लागल्यावर चार आकडे रोज नाही, आठवड्याला बघा: किती जणांनी इन्स्टॉल केलं, त्यातले किती सातव्या दिवशी परत आले, किती चौथा टप्पा संपवून कुलपापर्यंत पोचले, आणि किती जणांनी घेतलं. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक गटात पाठवायच्या लिंकला वेगळी खूण जोडा, म्हणजे माणसं कुठून आली ते कळतं. शंभरातले दहासुद्धा कुलपापर्यंत पोचत नसतील तर किमतीला हात लावू नका. आधीच्या टप्प्यांत मुलं कुठे सोडून जातात ते शोधा. पुष्कळ जण पोचतात पण घेत नाहीत, तर पडद्यावरची वाक्यं बदला, किंवा कुलूप एक टप्पा पुढे सरकवा. एका वेळी एकच बदल करा. अमेरिकेतल्या शाळांचं वर्ष सप्टेंबरच्या आसपास सुरू होतं, म्हणून तिथल्या शिक्षकांना लिहायचं असेल तर आयपॅडची आवृत्ती जुलैपर्यंत तयार हवी, आणि त्या पत्रासोबत दहा मोफत कोड जोडा, म्हणजे वर्ग सुरू होण्याआधी ते स्वतः खेळून बघतील.